ग्रुप अ‍ॅडमिन गोरोबा रोडगे, शिपाई

नाव : गोरोबा निवृत्ती रोडगे. पद : शिपाई. प्रवर्ग : शिक्षकेतर, वर्ग चार. वय : एक्कावन्न. सेवा : सव्वीस वर्षे, अखंड. शैक्षणिक अर्हता : इयत्ता नववी उत्तीर्ण. विज्ञान विषयाचे ज्ञान : निरंक. प्रयोगशाळेशी संबंध : निरंक. शरीरावरील ओळखीची खूण : डाव्या तळहातावर अ‍ॅसिडने भाजल्याचा जुना डाग, कारण नमूद नाही.

लोहारा तालुक्यातली एक अनुदानित शाळा असा तक्ता दरवर्षी वर पाठवते. त्यावर गोल शिक्का असतो, म्हणजे तो खरा असतो. तक्ता भरतात शाळेचे कारकून हिंमतराव. शाळेत कारकुनाला भाऊसाहेब आणि शिपायाला मामा म्हणायची रीत आहे. नातं लावून दिलं की कोण कुणाला चहा आणतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होऊन चार वर्षं झाली होती. रिकाम्या जागेचं काम कोण करतं, असा रकाना तक्त्यात नाही. त्यामुळे परीक्षानळ्या कोण धुतं, मोरचूद कोण विरघळवतं, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ बहिर्गोल भिंग धरून तिच्यावर बाहेरचं लिंबाचं झाड उलटं कोण पाडून दाखवतं, हे वर कुणाला कळायचं कारण नव्हतं. विज्ञानाचे सर भिंतीवरल्या उलट्या लिंबाकडं पट्टी रोखायचे. भिंग गोरोबाच्या हातात असायचं. आपल्या शाळेच्या भिंगाचं नाभीय अंतर वीस सेंटिमीटर आहे हे तो डोळे मिटून सांगू शकत असे. पण त्याला कुणी विचारत नसे, आणि तो विचारल्याशिवाय बोलत नसे.

त्याचं अ‍ॅडमिन होणं हा टाळेबंदीतला प्रकार. शाळा बंद पडली तेव्हा दहावीच्या शंकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढायचं ठरलं. नंबर गोळा करायला घरोघर जाणारा माणूस एकच होता, म्हणून गणिताच्या सरांनी स्वतःबरोबर त्यालाही अ‍ॅडमिन केलं. पुढं शाळा उघडली. गणिताचे सर निवृत्त झाले आणि ग्रुपमधूनही बाहेर पडले. विज्ञानाच्या सरांचा फोन भरला, म्हणून तेही पडले. रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या फोटोंना कंटाळून मुख्याध्यापकही पडले. शेवटी दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शंकांवर देखरेख ठेवणारा शाळेचा एकमेव कर्मचारी नववी पास उरला.

गोरोबानं ते काम शिपायाच्या इमानानं केलं. सुरुवातीला तो फक्त फुलं आणि देवांचे फोटो पुसायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की प्रश्न सगळेच टाकतात, उत्तर कुणीच टाकत नाही. एका रविवारी त्यानं आयुष्यातला पहिला लांब मेसेज बोलून टाकला. तो आजही ग्रुपच्या वर चिकटवलेला आहे.

"पोराहो, ऐका. शेतात सावड असती का न्हाय? आज मी तुज्या रानात, उद्या तू माज्या. ज्यानं प्रश्न टाकला, त्यानं दुसऱ्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं. न्हाय दिलं तर म्या गेटवर हायच."

गेटवर तो खरंच असायचा. सकाळी पावणेअकराला पोरं आत शिरताना तो हळूच म्हणायचा, "बलभीम, तुजी सावड राहिली. वर्तुळाचं गणित घिऊन गेलास शुक्रवारी." बलभीम दहावीत दुसऱ्यांदा बसलेला, अंगानं आडवा, शिक्षकांना न भिणारा. पण मामानं सगळ्यांसमोर सावडीचं नाव काढलं की तो कान खाजवत, "देतो की मामा, दुपारच्या सुट्टीत देतो," म्हणायचा आणि द्यायचा. सावड चुकवणाऱ्याला पुढच्या वर्षी रानात कुणी बोलवत नाही, हे त्या पोरांना पुस्तकाआधी माहीत होतं.

ग्रुप वाढला. कुणाची मावसबहीण तामलवाडीची, कुणाचा आतेभाऊ तेरखेड्याचा. कुठल्या धातूनं ज्योतीला कुठला रंग येतो असं एकदा कुणी विचारलं, तर फटाक्यांच्या गावच्या त्या तेरखेड्याच्या पोरानं पुस्तक न उघडता लिहिलं, "बेरियमनं हिरवा, स्ट्रॉन्शियमनं लाल. आमच्यात शेंबड्या पोरालाबी म्हायती हाय."

मागच्या वर्षी जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं. हिंमतरावांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"गोरोबा, सहायकाची जागा भरायला परवानगी आलीय. पुढच्या जूनपर्यंत शाळेतला कुणी दहावी-विज्ञान पास असंल तर त्याला. नसंल तर बाहेरचा."

"बाहेरचा आला म्हंजी किल्ली त्याच्याकडं?"

"मग काय, तुज्याकडं? तू घंटा वाजीव."

गोरोबानं टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, सतरा नंबरचा फॉर्म किती तारखेपासून सुटतो?"

बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. हिंमतरावांनी चष्मा काढला. "ह्या वयात? आणि ऐक. शिपाई साठाला रिटायर होतो, सहायक अठ्ठावन्नला. प्रमोशन घेतलंस तर दोन वर्षं आधी घरी जाशील. लोक वाढवून मागत्यात, तू कमी करून मागायलास."

"मग लवकरच पास व्हावं लागंल," गोरोबा म्हणाला.

घरी मथुराबाई तुरीची डाळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. "आवो, नातवाला शाळेत घालायचं सोडून तुमीच चाललाव व्हय?"

"तो सहा वर्षांचा होऊ दे. मग दोघं जातो."

"आन् नापास झालाव तर?"

"तर हायच की घंटा."

"मंग हसू नगा म्हणावं लोकांला," ती म्हणाली. म्हणजे हरकत नव्हती.

भाषा, इतिहास, भूगोल यांचं त्याला भय नव्हतं. सव्वीस वर्षं वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यानं ते सगळे धडे ऐकले होते, काही तर एकाच शब्दांत सव्वीस वेळा. अडचण बीजगणिताची होती. फळ्याकडं न बघता ते ऐकू येत नाही.

ऑगस्टात त्यानं ग्रुपवर स्वतःच्या हस्ताक्षरातल्या गणिताचा फोटो टाकला. वैष्णवीनं लगेच विचारलं, "मामा, हे कुणाचं?" वैष्णवी म्हणजे वर्गातली गणिताची पहिली, बोलायला चुरचुरीत, चूक दिसली की तिला जेवण जात नसे.

"माजं," गोरोबानं लिहिलं.

 खाली बलभीमचा मेसेज आला, "मामा, म्हंजी आता तुमची बी सावड."

नियम त्याचाच होता, सुटका नव्हती. एक प्रश्न विचारला की एक उत्तर द्यायचं. गोरोबानं विज्ञान घेतलं. लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात टाकला तर काय होतं, असं कुणी विचारलं. त्यानं उत्तर दिलं : "खिळा तांबूस होतो, निळा रंग फिका पडतो. पण आपल्या बाटलीतला मोरचूद जुना हाय, आज टाकला तर उद्या दुपारी दिसंल. खिळा आधी कानशीनं घासावा, न्हायतर सर पोरांना रागावतात."

"मामा, पुस्तकात एवढं न्हाय," वैष्णवीनं लिहिलं. "पहिली ओळ ठेवा, बाकी खोडा. मार्क पहिल्या ओळीला."

"पण बाकीचंबी खरं हाय."

"खरं हाय. पण पेपरात खोडा."

खरी लढाई बाकांवर झाली. वैष्णवीनं गणित घातलं : वर्गात दोन मुलांचे आणि तीन मुलांचे मिळून पंधरा बाक आहेत, मुलं अडतीस बसतात, तर कुठले बाक किती? गोरोबानं अर्ध्या मिनिटात लिहिलं, सात आणि आठ.

"कसं काढलं?"

"सगळ्या बाकांवर दोन-दोन बसवली. तीस बसली. आठ उभी राहिली. म्हंजी तीनचे बाक आठ. मी रोज बाक उचलतो बाई."

"उत्तर बरोबर. मार्क शून्य."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती वही घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आली. ग्रुपवर सांगून भागणार नाही असं तिला वाटलं असावं.

"मामा, तुमी 'x मानू' लिहिलंच न्हाय."

"x कशाला? उत्तर तर म्हायती हाय."

"म्हायती नाही असं मानायचं."

"म्हायती असलेलं म्हायती नाही असं मानायचं व्हय?"

"व्हय. बोर्डाला तसंच लागतं." ती दाराच्या चौकटीला टेकली. "मामा, x म्हंजी गैरहजर पोरगं. हजेरीत नाव हाय, बाकावर न्हाय. बाकीची मोजून तो कोण ते काढायचं. पण आधी हजेरीत त्याचं नाव घालावं लागतं का न्हाय?"

गोरोबानं विचार केला. हजेरीपटाची वाहतूक तो सव्वीस वर्षं करत होता. "लागतं," तो म्हणाला. नाव घातल्याशिवाय माणूस धरला जात नाही, ही गोष्ट शाळेच्या कुठल्याही कर्मचाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हापासून त्यानं पद्धत बसवली. एका टोलापासून दुसऱ्या टोलापर्यंत एक गणित. दिवसाचे तास आठ, गणितं आठ. मुख्याध्यापकांनी बोलावलं, पाहुणे आले, सरकारी जीप आली, तर राहिलेलं गणित संध्याकाळी झाडताना. वही म्हणून घंटेच्या जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठी वापरल्या. नोव्हेंबरात पोरांनी त्याची रविवारी परीक्षा घेतली. चाळीसपैकी अकरा पडले. पोरांनी ते लपवायचं ठरवलं होतं. त्यानं स्वतःच ग्रुपवर टाकलं : "रोडगे जी. एन. अकरा. पुढचा पेपर पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी नऊ पडले. तेही टाकलं. जानेवारीत एकोणीस पडले तेव्हा बलभीमनं अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, "मामा, माज्या फुडं गेलाव की." मग तोही रविवारी बसायला लागला.

बोर्डाचं केंद्र दुसऱ्या गावाला आलं. आपल्याच शाळेची पोरं पुढच्या बाकांवर, आणि बाहेरून बसलेले शेवटी. त्यातला शेवटचा बाक गोरोबाचा. मथुराबाईनं पांढरा शर्ट आणि टोपी परटाकडून कडक करून आणली होती. चांगले कपडे म्हणून त्याच्याकडं तेच होते. नेमके तेच कपडे जिल्ह्यातले सगळे शाळा-शिपाई घालतात, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बीजगणिताचा पेपर अकराला सुरू झाला. पहिली दोन पानं चांगली गेली. त्यानं तीन वेळा 'x मानू' लिहिलं आणि तिन्ही वेळा x सापडला. पाऊण तास झाला. केंद्रावरचा टोल पडला आणि पर्यवेक्षक बदलले. नवे आलेले तरुण सर खुर्चीत बसले, रुमालानं मान पुसली, सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि मागच्या बाजूला बघून म्हणाले,

"मामा, पाणी आणा जरा."

गोरोबा उठला.

यात विचार असा काही झाला नाही. सव्वीस वर्षांत ह्या वाक्याला त्यानं एकदाही बसून उत्तर दिलं नव्हतं. तो पेन ठेवून, चप्पल बाकाखालीच सोडून बाहेर गेला. व्हरांड्यातल्या माठाजवळ केंद्राचा शिपाई नव्हता. गोरोबानं तांब्या विसळला, भरला, पेला घेतला आणि आत आला. सरांना दिलं. मग रीतीप्रमाणं पहिल्या बाकापासून पोरांना. वैष्णवीनं पेला घेतला, प्यायली आणि वर बघितलं. तिचे डोळे मोठे झाले, पण पेपरात बोलायचं नाही हा नियम तिनंच ग्रुपवर टाकलेला होता.

शेवटच्या बाकापाशी गोरोबा आला तेव्हा तिथं कुणी नव्हतं. अर्धी लिहिलेली उत्तरपत्रिका होती, पट्टी होती, आणि बाकाखाली चप्पल होती. चप्पल ओळखीची होती.

"सर," तो म्हणाला, "हितं मी हाय."

सरांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यांनी केंद्रसंचालकांना बोलावलं. परीक्षार्थी परवानगीशिवाय वर्गाबाहेर गेला, एकटा गेला, हातात भांडं घेऊन परत आला. ही सगळी वाक्यं खरी होती आणि एकापुढं एक लिहिली की फार वाईट दिसत होती. बाहेर गेलेल्याला परत बसवता येत नाही. आज उठवलं, तर हे वर्ष गेलं. आणि जूनमध्ये बाहेरचा माणूस येणार होता.

"तुम्ही बाहेर का गेलात?" केंद्रसंचालकांनी विचारलं.

"पाणी मागितलं सरांनी."

"तुम्ही परीक्षार्थी आहात."

"व्हय. पण पाणी मागितलं."

केंद्रसंचालकांनी तरुण सरांकडं बघितलं. सरांनी रुमालाकडं बघितलं. पहिल्या बाकावरून वैष्णवी उभी राहिली. "सर, मामांनी काही आणलं न्हाय. पाणीच आणलंय. मी प्यायले."

"तू खाली बस. तुझा वेळ चाललाय."

"जाऊ द्या सर. मी प्यायले ते लिहून घ्या."

तिच्या मागचा बलभीम उठला. "मी बी प्यालो सर." मग तिसऱ्या बाकावरचं पोरगं, मग चौथ्या. प्रत्येकानं मामानं आपल्याला काय दिलं ते सांगितलं, आणि सगळ्यांचं उत्तर सारखं निघालं. एरवी असं झालं की बोर्ड कॉपी धरतं.

जबाब लिहून घ्यायला अकरा मिनिटं लागली. तांब्या उपडा करून पाहण्यात आला. पाण्याखेरीज काहीही आढळून आलं नाही, असं नमूद झालं. खिसे पाहिले, चिठ्ठी नव्हती, प्रयोगशाळेची किल्ली होती. पर्यवेक्षकांच्या तोंडी आदेशावरून सदर परीक्षार्थी बाहेर गेला, असंही नमूद करावं लागलं, कारण गोरोबा त्या ओळीशिवाय सही करायला तयार नव्हता. "साहेब, खरं हाय ते लिवा. बाकीच्या ओळी लागल्या तर खोडा," तो म्हणाला. केंद्रसंचालकांनी लिहिलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बसा. वाढीव वेळ मिळणार नाही."

गोरोबा बसला. कोपरापर्यंत बाही ओली होती. उत्तरपत्रिकेला लागू नये म्हणून त्यानं ती दुमडली. पुढचं गणित खुर्च्यांचं होतं. सभागृहात पहिल्या रांगेत दहा खुर्च्या, पुढं प्रत्येक रांगेत दोन जास्त, अशा पंधरा रांगा. एकूण खुर्च्या किती? अशी मांडणी गोरोबानं कुठल्याही गॅदरिंगला केली नव्हती. आठव्या रांगेलाच खुर्च्या भिंतीला टेकल्या असत्या. पण आठवी रांग म्हणताच त्याला दिसलं, की ती मधली रांग. तिच्यात चोवीस. पुढच्या जितक्या कमी, मागच्या तितक्याच जास्त. चोवीस गुणिले पंधरा. तीनशे साठ.

उत्तर मिळालं होतं. मार्क शून्य होते. त्यानं पेन घट्ट धरलं आणि जणू काहीच माहीत नाही असं मानून पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं : a बरोबर दहा, d बरोबर दोन, n बरोबर पंधरा. सूत्र. किंमती. पायरी. पायरी. तीनशे साठ. मग पुढचं. शेवटचा टोल पडला तेव्हा पंचवीस मार्कांचं लिहून झालं होतं आणि तो पुढच्या गणिताच्या मध्यावर होता. ह्या टोलाला मात्र तो उठला नाही; सरांनी येऊन पेपर हातातून घेतला.

बाहेर वैष्णवी जीपची वाट बघत उभी होती. "मामा, किती झालं?"

"तुजं किती राहिलं ते सांग आधी. माज्यापायी उभी राहिलीस."

"एक गणित." तिनं खांदे उडवले. "सावड होती. चला, जीप भरली."

निकाल मोबाईलवर आला. गोरोबा रोडगे पास. गणितात एकेचाळीस, विज्ञानात त्रेसष्ट. पेपरात आलेल्या खिळ्याच्या प्रश्नाला त्यानं तिन्ही ओळी लिहिल्या होत्या. त्याचे मार्क कापले का, ते कळायला मार्ग नाही. बलभीमला गणितात अडतीस. वैष्णवीला सत्त्याण्णव; उरलेले तीन कुठं गेले विचारलं तर ती "पाण्यात" म्हणते. त्या दिवशी गोरोबानं ग्रुपवरची फुलं संध्याकाळपर्यंत पुसली नाहीत.

जूनमध्ये पदोन्नतीचा आदेश निघाला. लखोटा आणायला लोहाऱ्याला शिपाई म्हणून गोरोबाच गेला. आदेशात लिहिलं होतं, की श्री. गोरोबा निवृत्ती रोडगे, प्रयोगशाळा सहायक, यांनी प्रयोगशाळेचा पदभार सध्या तो ज्या कर्मचाऱ्याकडे आहे त्याच्याकडून साहित्य व किल्लीसह समक्ष स्वीकारावा, आणि तसा अहवाल दोघांच्या सह्यांनिशी सादर करावा. हिंमतरावांनी अहवाल दोन प्रतींत टाइप केला. देणाऱ्याच्या जागी सही केली गोरोबानं, घेणाऱ्याच्या जागीही त्यानंच. मुख्याध्यापकांनी गोल शिक्का मारला. मग पावणेअकरा झाले, शिपायाची नवी जागा अजून मंजूर नव्हती, म्हणून सहायकांनी घंटा वाजवली.

किल्ली जागा रिकामी झाल्यापासून त्याच्याच खिशात होती.